न अडलेली पेन्सिल

पाण्याच्या उंच टाकीसाठी मी केलेली आकडेमोड तपासताना आमच्या ऑफिसातल्या सीनियर इंजिनियर मॅडमची पेन्सिल प्रत्येक ओळीपुढे बारीक खूण करत जाते. आज ती कुठेच अडली नाही.

"तुझं लिखाण स्वच्छ असतं रे, डोळे झाकून सही करावी."

घरात शिकलेला मी पहिलाच. मी कागदावर लिहिलेलं आई खरंच मानते. टाकीखाली राहणारेही मानतील. सुवाच्य अक्षराआड चूक दडली असेल तर?

"मॅडम, वाऱ्याचा भार जुन्या फायलीतून उचललाय. ती टाकी बुटकी होती, हिला वारा जास्त लागणार. तसं लिहायचं राहिलं."

मॅडमनी सगळ्या खुणा खोडल्या. "बस इथं. पहिल्यापासून बघू."

बसलो. बरं वाटलं. पण याआधी केलेल्या टाकीतही मी आकडा असाच उचलला होता, आणि तेव्हा काहीच बोललो नव्हतो.