ताणलेलं सूत

लेकीचं विमान टोरांटोला निघालंय आणि मोबाइलच्या नकाशावर ते पश्चिमेला जायचं सोडून सरळ उत्तरेला, बर्फाकडं चढतंय. बघून माझंच डोकं फिरलं. तीस वर्षं मी पोरांना चुकीची वाट शिकवली!

धाकटा भाऊ टोरांटोला गेला तेव्हा मी सास्तूरच्या शाळेत भूगोल शिकवायचो. माझे वडील, अण्णा, भर वर्गात आले. अंगाला कडब्याचा वास. बांध सरळ करताना दोरी ताणावी तसं त्यांनी धोतराच्या काठाचं सूत पृथ्वीगोलावर मुंबईपासून टोरांटोपर्यंत ताणलं. सूत सरकत सरकत वर, बर्फावर जाऊन बसलं.

“वरनं लई जवळ पडतंय की,” ते म्हणाले.

पोरं खिदळली. मी भिंतीवरच्या नकाशावर छडी आपटली. “अण्णा, विमान युरोपवरनं जातं. उगं खुळ्यागत करू नका!”

“ताणलेली दोरी खोटं बोलत न्हाय,” एवढंच म्हणून त्यांनी सूत बोटाला गुंडाळलं. दारात थांबले. “येतो, मास्तर.”

त्या दिवसापर्यंत मी त्यांचा बाळू होतो.