मामंजींला मरायचं न्हवतं

आमच्या मामंजींला मरायचं न्हवतं. आता मरायचं कुनालाच नसतं, पन बाकीची मानसं गप बसत्यात. आमच्या म्हाताऱ्यानं मनावर घेतलं. तीनशे वर्सं जगनार म्हनले. मी म्हनलं, तीनशे वर्सं तुमच्या भाकरी थापायच्या कुनी? पन मनातल्या मनात म्हनलं. सुनेला तोंड कुठं हुतं तवा.

कारभारी त्यांचं नाव. कर्जतपासनं चार कोसावर आमचं गाव, बारा एकर जिराईत, त्यातलं दोन एकर नुसता मुरूम. सातवी शिकलेले, म्हनून गावाची पत्रं वाचून दाखवायचे. तशी दिसायला गरीब गाय. पन मरनाचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यागत करायचे. गावात कुनाची माती असली की म्हातारा दिवसभर रानात. सख्खा भाऊ गेला तर ताप आलाय म्हनून गोधडी घेऊन पडले, आन् माती झाल्याचं कळल्यावर उठून दोन भाकरी खाल्ल्या. भाकरी मीच वाढल्यात, म्हनून सांगते.

असा मानूस मढीच्या जत्रेला गेला. कानिफनाथाचं दर्शन घ्यायचं, रेवड्या घेऊन यायचं, एवढंच काम. तिथं त्यास्नी एक बैरागी भेटला. त्यानं सांगितलं, मानसाची सोळा आने ताकद असती, त्यातली चार आने आपन वापरतो, बारा आने झोपलेली. ती जागी केली की मरन जवळ येत न्हाई. पैलं सपान ताब्यात घ्यायचं. दिवसभर घडीघडीला आपले तळहात बघायचे आन् स्वतःला इचारायचं, मी जागा हाय का झोपलोय? असं सहा म्हैने केलं की सपनातबी हात दिसत्यात, आन् मानसाला सपनातच कळतं, हे सपान हाय. मंग तिथं आपलं राज्य.

झालं. म्हातारा औत धरून मधीच थांबायचा आन् हात बघायचा. जेवताना हात बघायचा. परसाकडं जाताना तांब्या खाली ठेवून हात बघायचा. शेजारची दगडाबाई मला म्हनली, "मनकर्णे, तुझ्या सासऱ्याला खरूज झाली का गं?" मला हसू आवरंना. तवा हसत हुतो आमी.

सहा म्हैन्यांनी म्हातारा सकाळी ओट्यावर बसून सांगाया लागला, "काल सपनात पूर आला. मी वळखलं. थांब म्हनलं, थांबला." त्या साली पावसानं तोंड दाखवलं न्हवतं. आमी पान्यासाठी टँकरच्या मागं घागरी घेऊन पळत हुतो, आन् ह्यांच्या सपनात पूर. पन लोकं ऐकायची. रोजगार न्हाई, रान वाळलेलं, बसायचं कुठं तर म्हाताऱ्यापाशी.

श्रावनात मला पैली पोरगी झाली. पुष्पावती नाव ठेवलं, पुष्पी म्हनायचो. गोरी, नाकीडोळी नीटस. पोरगी झाली म्हनून आत्याबाईंनी, म्हंजी माझ्या सासूनं, तोंड वाकडं केलं, पन आमच्या ह्यांचा, म्हंजी नवऱ्याचा, लई जीव तिच्यावर. पोरगी बापाच्या मिशा धरायची आन् सोडायची न्हाई.

दिवाळीपस्तोर माझं दूध आटलं. आटनारच की. सकाळी अर्धी भाकर खाऊन दुष्काळी कामावर जायचं, पाझर तलावाची खडी फोडायची, दुपारी सरकारनं वाटलेली सुकडी मिळाली तर खायची. कर्जतच्या डॉक्टरनं पोरगी बघितली आन् सांगितलं, हिला वरचं दूध पाजा, दुसरं औषध न्हाई. घरात एक गाय ऱ्हायली हुती, काळी. बैलं चाऱ्याच्या छावनीत, शेळ्या कवाच इकलेल्या. गाय सकाळी शेरभर द्यायची आन् सांजच्याला अर्धा. पोरीला रग्गड. पोरगी सुधारली. गाल आले.

आन् मंग म्हाताऱ्याला बैराग्यानं सांगितलेली दुसरी पायरी चढायची झाली. कायाकल्प म्हनत्यात त्याला. चाळीस दिवस अंधाऱ्या खोलीत बसायचं. उजेड न्हाई, मानसाचा आवाज न्हाई, अन्न न्हाई. काळ्या गाईचं दूध, तेवढंच. एकेचाळीसाव्या दिवशी जुनी कातडी जाती, केस काळे व्हत्यात, नवे दात येत्यात. मदी सुतकाचा इटाळ झाला की सगळं फुकट, पुन्हा पैल्यापासनं.

मी आमच्या ह्यास्नी म्हनलं, "आन् पुष्पी काय पील?" हे म्हनले, "चाळीस दिवसांचा तर सवाल हाय. सुकडीची पेज दे." बाप समोर आला की ह्यांची मान खाली जायची, लगीन झाल्यापासनं बघत आले. मी आत्याबाईंच्या पाया पडले. म्हनलं, अर्धं तरी ठेवा. आत्याबाई म्हनल्या, "नवरा माझा हाय. तुझं काय, तुला अजून दहा व्हतील." एवढंच म्हनून दळायला बसल्या.

दान्याची खोली दुष्काळानं रिकामीच पडलेली. खिडकी न्हाईच तिला. दाराला दोन घोंगड्या लावल्या आन् शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी म्हातारा आत गेला. गाव बघायला आलं. दगडाबाई आत्याबाईस्नी म्हनली, "राहीबाई, नवरा पंचविशीचा व्हऊन निघाला म्हंजी तुमाला कशाला ठेवल? दुसरी बघून ठेवा आतापासनं." सगळ्या बाया हसल्या. आत्याबाई न्हाई हसल्या. त्या रातभर जाग्या हुत्या. भ्या वाटत हुतं त्यास्नी, मला दिसत हुतं. तरी सकाळी उठून दूध तापवलं आन् आत दिलं.

गाईची धार मी काढायचे. पैल्या दिवसापासनं मी चोरी केली. लाजत न्हाई सांगायला. अर्धं दूध पोरीच्या वाटीत, उरलेल्यात पानी. नऊ दिवस चाललं. पोरगी बरी हुती, खाली दोन दात दिसाया लागले. म्हाताऱ्याला दात यायचे हुते, ते आले पोरीला.

दहाव्या दिवशी घोंगडीमागनं आवाज आला. हळूच, दम खात. "मनकर्णा."

मी म्हनलं, "जी."

"काल सपनात मी उठून गोठ्यात आलतो. तू पानी घालत हुतीस."

बाई, हा मानूस आत बसून बघतोय. मी अडानी, मला वाटलं म्हाताऱ्याला खरंच शिद्धी आली. आता ह्याचा शाप लागंल माझ्या पोरीला. तवापासनं मी एक थेंब काढला न्हाई. कुनी मारलं न्हाई, कुनी धरलं न्हाई. माझ्या हातानं मी सगळं दूध आत दिलं.

ते माझ्या डोक्यातनं जात न्हाई. पोरीला म्हाताऱ्यानं मारलं म्हनते मी, पन सोळा आने खरं सांगायचं तर त्यात माझे चार आने हायेत.

पोरगी सुकडीची पेज तोंडात धरायची आन् बाहेर काढायची. मंग तेबी बंद. हगवन लागली. रडायची, त्याचा म्हाताऱ्याला तरास व्हायचा. आतनं निरोप आला, पोरीला लांब न्या. म्हनून मी तिला खडीवर घेऊन जायचे, बाभळीच्या काटकीला झोळी बांधायचे. उन्हाळा तापलेला. मुकादमाची बायको झोळीत बघून म्हनली, "अगं, ही रडत बी न्हाई." तिला रडायची ताकद न्हवती.

एकोनतिसाव्या दिवशी पोरगी गेली. सकाळी, चुलीम्होरं, माझ्या मांडीवर. मी तोंड उघडलं तेवढ्यात आत्याबाईंनी माझ्याच पदराचा बोळा माझ्या तोंडात कोंबला. माझ्या छातीवर बसल्या, खरं सांगते, गुडघा टेकवून. म्हनल्या, "एक आवाज काढू नगं. पोरीला दात आलते, कळल्यापासनं तीन दिवसांचं सुतक हाय. पन ज्याच्या कानावर गेलं न्हाई त्याला लागत न्हाई. अकरा दिवस गप ऱ्हा. मंग हवं तेवढं रड."

ह्यांनी पोरगी फडक्यात गुंडाळली आन् वढ्याच्या कडंला नेऊन पुरली. मला येऊ दिलं न्हाई, रस्त्यात रडशील म्हनले. घरात कुनी आंघुळ केली न्हाई, दिवा लावला न्हाई, काही केलं न्हाई. माझी पोरगी मेली आन् घरात तसं कुनी वागलंच न्हाई. दुसऱ्या दिवशी मला खडीवर धाडलं. खडी फोडायच्या आवाजात रडले तरी कुनाला कळायचं न्हाई.

तिथंच दगडाबाईनं सांगितलं. म्हनली, "सपान कसलं, मनकर्णे. तुझ्या सासूनं तुला पानी घालताना बघितलं, आन् आत जाऊन सांगितलं. माझ्याकडं फुशारकी मारत हुती, कशी जिरवली म्हनून."

मी हातोडा खाली ठेवला. पुन्हा उचलला. हजेरी भरायची हुती.

अडतिसाव्या दिवशी आत्याबाई टँकरला गेल्या हुत्या, हे छावनीत. मी त्या दारापुढं जाऊन बसले. मनात म्हनलं, तुझं मी वाटोळं करते म्हाताऱ्या. दोन दिवस ऱ्हायल्यात न्हवं, ते मी बुडवते. घोंगडी एका हातानं बाजूला केली आन् म्हनलं, "मामंजी, पुष्पी मेली. नऊ दिवस झाले. दुधावाचून मेली. ऐकलं का? तुमाला सुतक लागलं."

आतनं नुसता घुरमटलेला वास. मंग म्हातारा बोलला, एकदम शांत, पत्र वाचल्यागत.

"हे सपान हाय. मी वळखलं. सपनातलं सुतक लागत न्हाई."

मी म्हनलं, "मामंजी, मी मनकर्णा. जागी हाय मी."

"घोंगडी नीट लाव," म्हनले. "उजेड येतोय."

सपनातल्या उजेडाला कशाला भ्यायचं मानसानं? सगळं कळलं हुतं त्यास्नी. नात मेली ते कळलं, कशानं मेली तेबी कळलं. आन् नऊ दिवस आदीबी कळलं असंल, रडनं बंद झालं तवाच. मी घोंगडी सोडली.

एकेचाळीसाव्या दिवशी गाव लोटलं. हलगी आनली. आत्याबाईंनी ठेवनीतलं लुगडं नेसलं, कपाळभर कुंकू लावलं आन् आपले पांढरे केस पदराखाली दडवत उभ्या ऱ्हायल्या. घोंगड्या काढल्या. म्हातारा भिंत धरत आला. केस तसेच पांढरे, वर आनखी पिवळे. तोंडात तेच चार दात. दारातलं ऊन डोळ्यावर आलं, चाळीस दिवस न चाललेले पाय मुडपले, आन् म्हातारा उंबऱ्यावर आडवा पडला. कंबरेत काहीतरी मोडलं, तो आवाज मला ऐकू आला. हलगीवाला दोन घटका वाजवतच हुता, त्याला वाटलं अंगात आलं.

तवापासनं म्हातारा पाठीवर. उठवत न्हाई, कुशीवर वळवत न्हाई. त्याच खोलीत खाट टाकलीया. आत्याबाई त्या पावसाळ्यात गेल्या, चार दिवसांच्या तापानं. सगळं करायला मी एकली.

आन् मी करते. दोन वर्सं झाली. रोज अंग पुसते, कूस बदलते, पाठीला फोड येऊ देत न्हाई. गाय पुन्हा व्याली, दूध हाय. शेरभर दूध सकाळी, शेरभर सांजच्याला, हळद घालून, वाटीवाटीनं पाजते. आता म्हाताऱ्याला नको झालंय. पैलं वरीसभर जगायचंच म्हनायचे. आता दुखनं सोसंना. ओठ दाबून धरत्यात, तोंड फिरवत्यात. मी नाक धरते. तोंड उघडतं मानसाचं. थेंब सांडू देत न्हाई मी.

आमचे हे येकदा दारात उभं ऱ्हाऊन म्हनले, "जाऊ दे की आता त्यास्नी." मी दुधाची वाटी उचलली आन् म्हाताऱ्याचं नाक धरलं. पुन्हा म्हनले न्हाईत.

कर्जतचा डॉक्टर परवा नाडी बघून म्हनला, "बाई, काळीज लई खनखनीत हाय म्हाताऱ्याचं. तुमच्या सेवेची कमाल. अजून दहा-बारा वर्सं काढतील." गावात बायका सुनांना माझं उदाहरन देत्यात.

डॉक्टर गेल्यावर म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं. म्हनले, "मनकर्णा, तू मला मरू देत न्हाईस."

मी म्हनलं, "न्हाई." मनगट सोडवलं आन् दूध तापवायला गेले.