प्रचारात धनज लागलं तेव्हा

विधानसभेला पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझ्याजवळ दाखवण्यासारखं फारसं नव्हतं. कारंज्यात कृषी केंद्र, बाजार समितीत एकदा संचालक, गावच्या मंदिराच्या कामात पुढे पुढे. पक्षाला तेवढं पुरलं. भाषणात मी घर, धर्म, रीतभात यावर बोलायचो. सगळ्यात जास्त टाळ्या एका वाक्याला पडत: आईबापाच्या सहीशिवाय पोरीचं लग्न नोंदवलंच जाऊ नये, असा कायदा आणीन.

माझ्या धाकट्या बहिणीनं तसंच लग्न केलं होतं, धनजच्या बौद्ध घरातल्या शिक्षकाशी. बाबांनी तिला दार बंद केलं. बाबा गेल्यावर ते मला उघडता आलं असतं. मी उघडलं नाही.

मायला मतांचं काही नव्हतं. खाटेवरून ती एवढंच म्हणाली, "गावोगाव हिंडून राह्यला न? मंग धनजले तिले पाहून ये."

प्रचारात बाया ताट घेऊन दारात उभ्या राहतात. उमेदवारानं डोकं झुकवून ओवाळून घ्यायचं आणि आचारसंहितेपायी ताटात काही न टाकता, हात जोडून पुढे व्हायचं. समोरची बाई कोण, हे पाहायलाही सवड नसते. धनजच्या विहारात वंदन करून निघालो, तर पुढच्याच दारात ती. ताटात कुंकू नव्हतं, त्या घरानं ते कधीच सोडलेलं. नुसती पणती होती. मागे कार्यकर्ते मोबाइल धरून उभे. मी सगळ्या बायांना म्हणायचो तेच म्हणालो, "ताई, आशीर्वाद असू द्या." धाकट्या बहिणीला.

ती ओवाळता ओवाळता हळूच बोलली, "मायले सांग, निवडनूक झाली का येईन. आता आली तं तुयी मतं जातीन."

घरी मायनं विचारलं. खरं सांगितलं असतं तर तिनं तिथंच गाडी काढायला लावली असती, आणि सारं गाव पाहत राहिलं असतं. म्हणालो, दार बंद होतं.

"शाळेत गेली असन त्याच्यासंगं," माय म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवली. पुन्हा तिनं विचारलं नाही.

मतमोजणीच्या आधीच माय गेली. मी पडलो ते नंतर. ओसरीवर मायला ठेवलेलं असताना बहीण आली. कोणी अडवलं नाही. इतकं सोपं होतं ते. मायच्या पायाशी बसून तिनं मला विचारलं, "निरोप देल्ला होता न तिले?"

"हो."

"काय म्हने?"

"वाट पाह्यतो म्हने."

तिनं पदर तोंडात कोंबला. आता माहेरी आली की ती शेजारणींना सांगते, माय शेवटपर्यंत माही वाट पाहत होती. ते खोटं नाही. लेक येणार आहे, एवढंच मायला माहीत नव्हतं. आणि बहिणीला हे अजून माहीत नाही.