मागच्या चाकांचे टायर

नव्या रबराचा उग्र वास आला की मला मिशिगनमधला आमचा दुसरा हिवाळा आठवतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच गाडी चालवायला शिकले होते आणि लेकीला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे आलं होतं, म्हणून पहिला बर्फ पडायच्या आत आम्ही स्नो टायर घ्यायला गेलो. दुकानात छतापर्यंत काळे टायर रचलेले होते आणि कोपऱ्यात कॉफी आटत होती. आमचे हे इंजिनियर, म्हणाले, "दोनच घेऊ. आपल्या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्याच चाकांवर असतो." मी विचारलं, "पण पोरगी मागे बसते ना? मागची चाकं घसरली तर?" हे आधी हसले, मग जरा विचारात पडले आणि चारही टायर लोखंडी रिमांसकट बसवून घेतले. पुढे डिसेंबरातल्या एका सकाळी उतारावर आमच्या पुढची स्कूलबस अचानक थांबली. रस्ता पार गोठलेला. मी ब्रेक दाबला, गाडीची मागची बाजू किंचित हलली, आणि गाडी बसच्या हातभर अलीकडे सरळ उभी राहिली. मागून लेक म्हणाली, "आई, व्हाय आर यू क्राइंग?" "रडत नाहीये गं, थंडीनं नाक गळतंय," असं म्हणता म्हणता मला हसूच फुटलं. आता ती स्वतःच्या मुलांना शाळेत सोडते आणि बर्फ पडला की फोन करते, "आई, पोचलो आम्ही." तेवढं ऐकलं की मी निवांत चहा टाकते.