मोहाखालची आग अन् अमेरिकेचे पिच्चर

पोरीले अंगावर पाजतानी एका हातानं मोबाईल धरता येते, म्हणून मले पिच्चरची सवय लागली. तेबी अमेरिकेचे, जुने, बिनरंगाचे, कोणीतरी हिंदी आवाज टाकलेले. आठवीपर्यंतच शिकली मी, पण ते पिच्चर समजायले शिकणं लागत नाही. रस्ता ओला राहते, टोपीवाला माणूस सिगरेट पेटवते, अन् मले समजून जाते का हा काही वाचत नाही आता. मारामारीचे मले आवडत नाहीत. मोठा माणूस लहान माणसाशी गोड बोलते ना, ते आवडतात. खरी भीती तितंच राहते, बंदूक त लय मंग निघते.

एक गोष्ट मात्र त्या पिच्चरवाल्यायची मले पटत नाही. माणूस जेलात गेला का त्याची बायको गायब. दरवाज्यात उभी दिसते, मंग पिच्चर वकिलाच्या मागं चालला जाते. तिनं सांजेले काय रांधलं, लेकराले काय सांगतलं, कोणी दाखवत नाही. एका पिच्चरमंदी एक जण नवऱ्याचे कपडे घडी करतानी दिसली होती, तेवढंच मी मागं नेऊन नेऊन पाह्यलं.

यंदा मोहफुलं पडायच्या आधी सगळ्यायनं आपापल्या झाडाखालचा पाला जाळला. आमच्या इकडं जाळतातच, जमीन साफ असली का फुलं दिसतात, वेचायले बरं पडते. पण आग विझेपर्यंत हिरवी फांदी घेऊन तितंच उभं राहा लागते. मालकाचा पोरगा उभा राह्यला नाही. ज्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं वावर, आमी ठेक्यानं करतो, तो मालक. त्याचं झाड अन् आमचं झाड लागूनच. पोरगा आग लावून गाडीवर निघून गेला, आग बांबूत शिरली अन् पार पहाडी चढली. जंगल खात्यावाले आले, इचारू लागले का कोणाच्या झाडाखालून निघाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालक आमच्या अंगणात. कधी बसत नव्हता, त्या दिवशी खाटेवर बसला, चहा मागतला, पोरीले मांडीवर घेतलं.  असं मी पिच्चरमंदी कितीदा पाह्यलं होतं. लेकरू मांडीवर घेते अन् मंग काम सांगते.

"तू त घरचाच आहेस," तो माह्या नवऱ्याले म्हणे. "पोराची नोकरी लागून राह्यली, त्याच्यावर केस नाही पाह्यजे. तू सांग, माह्याच हातानं लागली म्हणून. बाकी मी पाहून घेतो."

बांधीचं त्यानं नावबी नाही काढलं. काढायची गरजच नव्हती, नाही म्हटलं का बांधी गेली. दुपारी गाडी घेऊन येतो, जंगल खात्याच्या ऑफिसात जाऊ, म्हणून गेला.

मी नवऱ्याच्या मागं मागं बैलाच्या कोठ्यापर्यंत गेली, पोरगी कडेवर, दम लागलेला. जाऊ नका म्हटलं, पाहून घेतो म्हणणारा कोणीच पाहत नाही, गुन्हा अंगावर घेतला का त्यायच्यासाठी माणूस संपते, मी सगळ्या पिच्चरमंदी पाह्यलं. तो हासला. बैलाले चारा टाकता टाकता म्हणे, "तुह्या पिच्चरमंदी कोणाले धान लावा लागते का?"

 पिच्चरमंदी कोर्टात एक जण उठून उभा राहते, बोलते, अन् लोक पलटतात. आमच्या इकडं कोण उठन? मालक समोर बसला असतानी मी काऊन बोलली नाही? माह्या तोंडून त चहात साखर किती, एवढंबी निघालं नव्हतं.

दुपारी गाडी आली. धुतलेला शर्ट मीच काढून देला. बटन तुटलं होतं, उभ्या उभ्या तेबी लावलं. नवरा मालकाच्या मागं बसला अन् पोरीनं हात हालवून टाटा केला. तालुक्याच्या गावाले, सालेकशाच्या रस्त्यानं गाडी गेली, मंग धूळबी दिसेनाशी झाली.

दिवस कलला, तरी तो आला नव्हता. पोरगी प्यायले आली, सवयीनं तिनंच मोबाईल ओढून आणला. मी लावला नाही. चूल पेटवली. भात एकटीपुरता टाकावा का दोघाचा, समजत नव्हतं. दोघाचाच टाकला.