आत्यानं सांगितलेलं पत्र

वेल्ह्याहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं भोरच्या स्टँडवर मला पाहिलं आणि दारातूनच सांगितलं, "मास्तर, गुंजवण्याचं मारुतीदादा गेलं. आज सकाळीच." मी शाळेत निघालो होतो. गाडी डेपोत वळली तरी तिथंच उभा राहिलो... दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की आता दादाला सांगायचं कायमचं राहिलं. त्याला दीड महिना झाला. ते राहिलेलं इथं लिहितो आहे.

मारुतीदादा माझा आत्तेभाऊ, सहा वर्षांनी मोठा. लष्कराच्या टपाल खात्यात होता. "बंदूक नावाला, शिक्का कामाला," असं तो स्वतःच हसून म्हणे. साठ सालानंतर तो शांतिसेनेबरोबर गाझाला गेला. तिथून त्याची पत्रं येत. वाळूत ठोकलेला तंबू, तेच टपालघर. पलीकडे समुद्र, अलीकडे संत्र्यांच्या बागा. विमानानं टपालाच्या थैल्या येत आणि थैलीचं तोंड सोडलं, की तंबूभर चुलीच्या धुराचा वास पसरे. 'पंजाबातलं पत्र असो की साताऱ्याचं, सदा, धूर सारखाच,' असं त्यानं एकदा लिहिलं होतं. आपल्याकडे मयताची बातमी असली की पत्राचा कोपरा फाडतात. तसं पत्र हाती लागलं, की तो ते गठ्ठ्यातून बाजूला काढी, त्या जवानाला बोलावून आधी चहा पाजी आणि मगच पत्र हातात देई.

तेव्हा मी गुंजवण्याच्या शाळेवर होतो. ही पत्रं मी देवळासमोर वाचून दाखवी. "वाळूच वाळू, तर मान्सं पेरत्यात काय वो मास्तर?" असं कुणी विचारी, आणि मी स्वतः तिथं जाऊन आल्यासारखी उत्तरं देई. परत जाताना भाताच्या खाचरांत राजगड उलटा दिसे. पाणी हलकेच थरथरे, आणि बांधावर उभ्या उभ्या मला तो दादाचा समुद्र वाटे. तासभर कुठे गेला ते कळत नसे...

दादाला पत्र जाई ते आत्या सांगे आणि मी लिही. लिहून झालं की ती करंड्यात बोट बुडवून कोपऱ्यावर कुंकू लावी. "येवढं माजं. बाकी समदं तुजं."

त्या वर्षी भात लावून झालं आणि आत्यानं अंथरूण धरलं. एका दुपारी मला बोलावून म्हणाली, "लिव. ये म्हनावं त्याला. येकदा बगू दे डोळ्यांनी."

मी लिहिलं, 'आई बरी आहे. काळजी नसावी.'

"लिवलंस?"

"व्हय, आत्या."

"ये म्हनलास?"

"व्हय."

दर पावसाळ्यात तिला खोकला होई, यंदाही उतरेल, असं मी स्वतःला समजावलं. पण ते खरं कारण नव्हतं. दादा परतला असता तर पत्रं थांबली असती. देवळासमोरचं माझं वाचन थांबलं असतं, तो समुद्रही... एवढ्यासाठी मी तिचं बोलणं बदललं. आत्यानं त्या दिवशी करंडा मागितला नाही. ते मी पाहिलं आणि पत्र मिटून टाकलं.

पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागत. आत्या त्या पत्रानंतर महिनाभर होती. रोज दाराकडे तोंड करून निजे. मग मी दुसरं पत्र लिहिलं, वर श्री न घालता, कोपरा फाडून. गठ्ठ्यातून ते त्यानंच बाजूला काढलं असणार. त्याला चहा कुणी पाजला असेल, कोण जाणे.

दादा जाण्याआधी पंधरा दिवस मी त्याला भेटायला गेलो होतो. छातीच्या दुखण्यानं तो खाटेवर पडून होता. म्हणाला, "सदा, आईच्या शेवटच्या पत्राला कुकू नव्हतं. पत्राचा कोपरा बगून लोकांच्या घरात काय चाललंय ते वळखायचो म्या. आन् आपल्याच घरचा कोपरा रिकामा दिसला, तर म्हनलं, करंड्यातलं सपलं आसंल. तुजं अक्षार वाचलं, आईचं बोट वाचलं न्हाई." थोडं थांबून म्हणाला, "तिनं बोलावलं तरी आसतं... तेबी न्हाई."

तिनं बोलावलं होतं. तीन शब्दांचं काम होतं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि मी म्हणालो, "गवतीचहा घातलाय का वहिनी?"

हे सारं छापायला देण्याआधी वहिनींना सांगितलं. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "पेन्शनीत आल्यापास्नं बाजारच्या दिशी त्ये वेल्ह्यात पोस्टाच्या वट्यावर बसायचं. बायांची पत्रं लिवून द्यायचं. लिवलेलं वाचून दावल्याबिगर चिकटवायचं न्हाईत. त्या बाया आजून यून बसत्यात. त्यांस्नी कोन सांगनार?"

परवाच्या बाजारी मी वेल्ह्याला गेलो. त्या ओट्यावर बसलो. एक म्हातारी पुढ्यात येऊन बसली. लेक पलटणीत. "लिवा, की गुडगं धरल्यात. उंबऱ्यापत्तुर जाववत न्हाई. सुट्टी घिऊन ये म्हनावं."

लिहिलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटची ओळ मी दोनदा वाचली, तशी तिनं मान वर केली.

"व्हय," ती म्हणाली, "ह्येच तर म्हनलं म्या."