बाबांचं आत्मचरित्र आणि माझी हार्ड डिस्क

माझ्या वडिलांचं आत्मचरित्र माझ्या आईने लिहिलं आहे. ही वेळ तिच्यावर मी आणली.

आम्ही सिंदी रेल्वे या गावचे. बाबा इथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर ते घरी बसून आईच्या फोडणीतल्या चुका काढायला लागले, तेव्हा आईच मला म्हणाली, "यायले काहीतरी काम दे बाप्पा, नाई तं मी माहेरी जातो!"

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप होता. माझा नागपूरचा साळा दिलीप, त्याने नवा घेतल्यावर हा मला दिला होता. मी तो बाबांना दिला. बाबा एका बोटाने मराठी टायपिंग शिकले आणि 'कापूस आणि मी' या नावाने आत्मचरित्र लिहायला बसले. लिहिलेलं पान रोज संध्याकाळी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. आवडलेलं पान तर दोन-दोनदा! (कोणाला आवडलेलं, हे सांगायला नको.)

बाबांनी त्यात जिनिंगचे जुने फोटोही स्कॅन करून भरले. पुस्तक फुगत गेलं, तसा लॅपटॉप थकत गेला. बटण दाबून बाबा आंघोळीला जायचे, परत यायचे, तरी तो सुरू झालेला नसायचा. एक दिवस पडद्यावर पाटी आली, जागा संपली.

"जागा संपली म्हणते!" बाबा भडकले. "अन् मी अजून रिटायर कुठी झालो पुस्तकात?"

पुढच्याच आठवड्यात बाबा पवनारला आत्याकडे गेले. ते यायच्या आत लॅपटॉप नवाकोरा करून त्यांना चकित करायचं, असं मी ठरवलं. (चकित तर केलंच!) दिलीपला फोन लावला.

"भाऊजी, मेमरी वाढवा, म्हणजे तो पळन. हार्ड डिस्क मोठी टाका, म्हणजे जागा होईन. जुन्या डिस्कवरचं सगळं पहिले नव्या डिस्कवर उतरवून घ्या. पण त्याच्याही पहिले बाबांच्या पुस्तकाची एक सीडी काढून ठेवजा."

"सीडी कायले? सगळं उतरवूनच राह्यलो ना!"

नागपूरहून सामान आणलं. लॅपटॉप पालथा घालून मी स्क्रू काढले. माझी बायको सुनंदा शेजारी उभी होती.

"तुमाले जमते का जी हे?"

"काऊन? मिक्सर मीच दुरुस्त केला होता ना?"

"हो, तवापासून पाट्यावरच वाटून राह्यलो आपण."

तिच्याकडे दुर्लक्ष करून मी मेमरीची नवी पट्टी बसवली. टक् असा आवाज झाला आणि माझी छाती दोन इंच फुगली. मग नवी डिस्क वायरने जोडली आणि उतरवून घ्यायचा प्रोग्राम सुरू केला. त्याने विचारलं, कोणत्या डिस्कवरचं कोणत्या डिस्कवर? डिस्कना नावं नव्हती, नुसते नंबर. नवी ती एक नंबर, हे मला उघड दिसत होतं. मग त्याने विचारलं, तुमची नक्की खात्री आहे का? घरात मला असं अदबीने कोणी विचारत नाही! मी आनंदाने 'होय' दाबलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाबलं.

दुपार सरता सरता काम फत्ते झालं. नव्या डिस्कचा कोरेपणा, तसूभरही न गमावता, बाबांच्या डिस्कवर उतरला होता.

मी दिलीपला फोन करून पुस्तक पुसलं गेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, सीडी?"

"नाई काढली."

"मंग गेलं ते. काही दिवस शेगावले जाऊन या तुमी."

फोन ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. बाबा!

"परवा येतो रे मी. आत्याले घेऊन येतो. तिले पुस्तक ऐकाचं आहे, पहिल्या पानापासून!"

मी खाटेवर बसलो. सुनंदाही बसली. उभी होती ती फक्त आई.

"रडू नोको. ऐकून ऐकून कान किटले आपले, सगळं पाठ आहे. मशीन सुरू कर अन् बसा लिवाले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दिलीप आला, त्याने नव्या डिस्कवर सगळे प्रोग्राम बसवून दिले आणि बाबा यायच्या आत निघूनही गेला. (हुशार माणूस!) मग आई सांगत सुटली आणि सुनंदा टाइप करत सुटली. जिनिंगला आग लागली तिथवर सुरळीत चाललं. बाबांच्या पुस्तकात ते बादली घेऊन सगळ्यांच्या पुढे होते.

"पुढं?" आई फणकारली. "हे रेल्वे फाटकापाशी भजे खाऊन राह्यले होते! मीच बोलवाले गेलती."

"पण आई, बाबांनी तसं नव्हतं लिवलं," सुनंदा म्हणाली.

"नसन लिवलं. आता मी सांगून राह्यली ना!"

लग्नाबद्दल बाबांनी एक ओळ लिहिली होती, 'याच सुमारास माझा विवाह झाला.' आईने त्याची पानंच्या पानं केली. मुलगी पाहायला आलेल्या बाबांच्या दाताखाली पोह्यातली मिरची आली, डोळ्यांतून घळघळा पाणी वाहिलं आणि मुलगा फार हळव्या मनाचा आहे असं समजून आईच्या वडिलांनी तिथेच होकार दिला, हे आम्हाला तेव्हा कळलं!

शेवटी 'माझा मुलगा' हे एकच प्रकरण उरलं. आई थकली होती. मी म्हटलं, "हे माझ्याकडे द्या."

बाबा आले. बटण दाबताच लॅपटॉप उघडला.

"अरे, हा तं उडून राह्यला!" बाबा खूश. आत्याला समोर बसवून त्यांनी खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. पुस्तकात आग लागली. आवाज हळू झाला. "त्या वेळी मी... फाटकापाशी... भजे..."

"हेच तं खरं आहे रे!" आत्या टाळी वाजवत ओरडली. "मले तवाच समजलं होतं!"

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी घडाघडा सगळं सांगून टाकलं. त्यांचे कान लाल झाले. ते उठणार, तेवढ्यात आत्याने त्यांना खाली बसवलं. "भांडण मंग कर. पुढचं वाच पहिले."

बाबा पोह्यांपर्यंत आले आणि थांबले. तेच पान मनातल्या मनात पुन्हा वाचलं. मग स्वयंपाकघराकडे पाहून, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "अवं, ती मिरची तुले अजून आठवते?"

आतून आई म्हणाली, "मीच टाकली होती ना!"

आत्या हसता हसता खाटेवर आडवी झाली. बाबाही हसले. वाचलो, असं मला वाटलं.

शेवटचं प्रकरण बाबांनी एकट्यानेच वाचलं. चष्मा काढला, पुसला.

"पुस्तक माह्यापेक्षा चांगलं झालं. फक्त हे मुलाचं प्रकरण काढून टाक."

"काऊन बाबा?"

"अरे, हा हुशार, कर्तबगार, यंत्राची जाण असलेला पोरगा... वाचणारे भेटाले येतीन त्याले. मी कोठून आणू?"